अॅप आणि वेबसाइटचं टेस्टिंग कसं करायचं, नाटकाच्या तिकिटांचं उदाहरण घेऊन

"अॅप तयार आहे, जरा टेस्ट करून दे" असं म्हणून कुणी तुमच्या हातात फोन दिला तर पहिलं काम म्हणजे तो फोन बाजूला ठेवायचा आणि वही घ्यायची. फोन हातात आला की माणूस बटणं दाबत सुटतो, सगळं चालतंय असं दिसतं, संध्याकाळी "ओके आहे" म्हणून मोकळा होतो, आणि नेमकं जे तुटायचं ते कुणी बघितलेलंच नसतं.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. समजा मराठी नाटकांची तिकिटं बुक करायचं अॅप आहे आणि त्याचीच वेबसाइट आहे. प्रयोग निवडायचा, नाट्यगृहाचा प्लॅन उघडतो, खुर्च्या निवडायच्या, यूपीआय नाहीतर कार्डने पैसे भरायचे, मग एसएमएस येतो आणि क्यूआर कोडवालं तिकीट मिळतं. दारावर ते स्कॅन होतं आणि माणूस आत जातो. दिसायला पाच-सहा स्क्रीनचं काम आहे, पण यात टेस्टिंगचा जवळपास सगळा अभ्यासक्रम येऊन जातो.

माझं ठाम मत आहे की बग, म्हणजे चुका, स्क्रीनवर कमी आणि सांध्यांवर जास्त असतात. म्हणजे तुमचं अॅप जिथे काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतं आणि परत घेतं तिथे. अॅपमधून यूपीआयच्या अॅपमध्ये, पेमेंट गेटवेकडून (ग्राहकाचे पैसे घेऊन तुमच्यापर्यंत पोचवणारी सेवा) तुमच्या सर्व्हरवर, सर्व्हरकडून एसएमएसवाल्याकडे, वायफायवरून मोबाइल डेटावर, रात्री बारानंतर आजच्या तारखेवरून उद्याच्या तारखेवर. प्लॅन करताना हे सांधे आधी शोधायचे आणि वेळेचा मोठा वाटा तिथे खर्च करायचा.

प्लॅन म्हणजे काय लिहायचं

पन्नास पानी डॉक्युमेंट नको, कुणी वाचत नाही. एक-दोन पानं पुरतात, पण ती खरी हवीत. सुरुवात एका प्रश्नाने करा: काय बिघडलं तर कुणाचं किती नुकसान होईल? आपल्या तिकिटांच्या अॅपमध्ये सगळ्यात वाईट काय, तर एकच खुर्ची दोघांना विकली जाणं, कारण मग नाट्यगृहात तिसरी घंटा होत असताना दोन कुटुंबं एकाच रांगेत उभी राहून भांडतात आणि डोअरकीपर बिचारा मध्ये सापडतो. त्याच्या खालोखाल पैसे गेले पण तिकीट नाही. मग चुकीची तारीख किंवा वेळ दिसणं. मग दारावर तिकीट न उघडणं. नाटकाचं पोस्टर जरा कापलं जातंय, रंग थोडा वेगळा दिसतोय, हे सगळं या यादीत बरंच खाली. ही उतरंड एकदा लिहिली की कशाला किती वेळ द्यायचा ते आपोआप ठरतं, आणि मॅनेजर ऐनवेळी म्हणाला की आठवड्याऐवजी दोनच दिवस आहेत तर खालून काय कापायचं तेही ठरलेलं असतं.

त्याच पानावर काय टेस्ट करणार नाही तेही लिहा. हे लोक टाळतात, पण फार उपयोगी आहे. उदाहरणार्थ टॅबलेटवर बघणार नाही, इंटरनेट बँकिंगच्या सगळ्या बँका बघणार नाही, अशा चार ओळी आणि त्याखाली ज्याचा निर्णय आहे त्याची संमती. नंतर वाद होत नाहीत.

टेस्टिंग कुठे करणार ते ठरवा. स्टेजिंग सर्व्हर, म्हणजे फक्त टेस्टिंगसाठी केलेली साइटची नक्कल, वेगळा हवा, पेमेंट गेटवेचा टेस्ट मोड (यात खरे पैसे जात नाहीत) चालू हवा, आणि डेटा खोटा हवा. कुठेकुठे अजूनही खऱ्या ग्राहकांचा डेटाबेस उचलून स्टेजिंगवर टाकतात, खरे मोबाइल नंबर, खरी नावं. मग टेस्टिंग करताना खऱ्या माणसाला "तुमचा प्रयोग रद्द झाला आहे" असा मेसेज जाऊ शकतो. शिवाय २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अॅक्ट आहे, लोकांनी तिकिटासाठी दिलेली माहिती अशी वाटेल तिथे फिरवायची नसते. खोटे प्रयोग, खोटे प्रेक्षक बनवा, एक दिवस जातो पण पुढे सतत कामाला येतो. आणि बनवताना मुद्दाम विचित्र बनवा: एक हाऊसफुल्ल प्रयोग, एक ज्याची शेवटची एकच खुर्ची उरलीये, एक अर्ध्या तासात सुरू होणारा, एक रद्द झालेला, एक वेळ बदललेला, एक एकही तिकीट न विकलेला.

शेवटची गोष्ट, थांबायचं कधी? "वेळ संपला की" हे उत्तर नाही. मी साधारण असं लिहिते: पैसे आणि खुर्ची यांच्याशी संबंधित एकही बग उघडा नसावा, बाकीच्यातले जे उघडे राहतील ते यादीत असावेत आणि ज्याने निर्णय घ्यायचा त्याने ती यादी वाचलेली असावी.

फोन कुठले घ्यायचे

ऑफिसात सगळ्यांकडे चांगले फोन असतात आणि वायफाय तर सुसाट. तुमचा प्रेक्षक तसा नसतो. वेबसाइट आधीपासून चालू असेल तर अॅनालिटिक्स (साइटवर येणाऱ्यांची आकडेवारी) उघडा आणि लोक खरंच कुठल्या फोनवरून, कुठल्या ब्राउझरमधून येतात ते बघा, त्या यादीच्या वरचे घ्या. काहीच माहिती नसेल तर निदान हे तरी हवेत: दोन-तीन जीबी रॅमचा, स्टोरेज भरत आलेला स्वस्त अँड्रॉइड, एक मधल्या किमतीचा सॅमसंग, एक शाओमी किंवा विवो, ओप्पोपैकी कुठलातरी, एक आयफोन, आणि अॅप ज्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइडवर चालेल असं तुम्ही म्हणताय तो एक. शाओमी-विवो वेगळे का, तर हे फोन बॅटरी वाचवायला मागच्या बाजूला चालू असलेली अॅप पटापट बंद करतात, आणि तिकिटाचं नोटिफिकेशन तिथेच अडकतं.

सगळे फोन विकत घ्यायची गरज नाही. ब्राउझरस्टॅकसारख्या सेवा आहेत, २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी आहे ती, खरे फोन इंटरनेटवरून चालवायला मिळतात. पण एसएमएस, यूपीआय आणि नाट्यगृहातलं नेटवर्क या तीन गोष्टींसाठी हातातला खरा फोन आणि खरं सिमकार्डच लागतं. इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नकली फोन, डेव्हलपरला रोजच्या कामाला ठीक, टेस्टरने त्यावर भरवसा ठेवून "झालं" म्हणू नये.

वेबसाइटसाठी एक लक्षात ठेवा, आपल्याकडे आयफोनवर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच असतं. म्हणून अँड्रॉइडच्या क्रोममध्ये चाललं म्हणजे आयफोनच्या क्रोममध्ये चालेल असं धरू नका. आणि नाटकाची जाहिरात इन्स्टाग्रामवर असते, तिथून लिंक दाबली की पान इन्स्टाच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. तिथून यूपीआयचं अॅप उघडतं का, परत येता येतं का, हे वेगळं बघा. बहुतेक टीम हे बघतच नाहीत आणि तिकिटविक्री तर तिथूनच सुरू होते.

आता मुख्य: खुर्ची आणि पैसे

इथे जरा सावकाश जाऊया, कारण सगळं मर्म इथे आहे.

खुर्चीच्या तीन अवस्था असतात: मोकळी, धरून ठेवलेली आणि विकलेली. तुम्ही खुर्ची निवडून पुढे गेलात की ती तुमच्या नावावर काही मिनिटं धरली जाते, समजा आठ मिनिटं. त्यात पैसे भरले तर विकली, नाही तर पुन्हा मोकळी. टेस्ट केस लिहायच्या त्या या अवस्था बदलताना काय होतं त्यावर.

पहिली आणि सगळ्यात साधी: दोन फोन शेजारी ठेवा, दोन वेगळी अकाउंट, एकाच प्रयोगाचा प्लॅन उघडा आणि सी रांगेतली बारा नंबरची खुर्ची दोन्हीकडे एकाच क्षणी निवडून "पुढे" दाबा. एकालाच मिळाली पाहिजे, आणि दुसऱ्याला "ही खुर्ची आत्ताच गेली, दुसरी निवडा" असं समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे, नुसतं "काहीतरी चुकलं" नाही. एकदा करून सोडू नका, परत परत करा, आणि हाताने अचूक एकाच क्षणी दाबणं कठीण म्हणून डेव्हलपरला सांगून एक छोटी स्क्रिप्ट करून घ्या जी शंभर रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) एकदम त्याच खुर्चीसाठी मारेल. शंभरातून बरोबर एकच यशस्वी व्हायला हवी. दोन झाल्या तर बाकी सगळं टेस्टिंग थांबवा आणि आधी हे दुरुस्त करून घ्या.

दुसरी: सात मिनिटं पन्नास सेकंदांनी पैसे भरायचं बटण दाबा. यूपीआयच्या अॅपमध्ये जाऊन पिन टाकेपर्यंत आठ मिनिटं उलटून गेलेली असतात. खुर्ची सुटली, पण पैसे गेले. आता काय व्हायला हवं? याचं उत्तर बऱ्याचदा कुणीच ठरवलेलं नसतं, आणि टेस्टरने विचारलं म्हणूनच ते ठरतं. खुर्ची अजून मोकळी असेल तर तिकीट द्यायचं का, तेवढ्यात दुसऱ्याने घेतली असेल तर रीफंड आपोआप सुरू होतो का, आणि माणसाला ते लगेच कळतं का. दोन्ही बाजू करून बघा. त्यासाठी दुसऱ्या फोनवर कुणीतरी त्याच खुर्चीवर टपून बसलेलं हवं.

तिसरी स्वस्त फोनवर करायची. पैसे भरायला यूपीआयचं अॅप उघडलं की तुमचं अॅप मागे जातं, आणि रॅम कमी असेल तर अँड्रॉइड ते बंद करून टाकतं. पैसे भरून माणूस परत येतो तेव्हा अॅप नव्याने सुरू होतं आणि त्याला काही आठवत नाही, सरळ होम स्क्रीन दाखवतं. माणूस घाबरतो आणि पुन्हा बुक करतो, दोनदा पैसे जातात. हे दर वेळी घडवून आणायला अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप अॅक्टिव्हिटीज" नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. त्याने अॅप पूर्ण बंद होत नाही, पण मागे गेलेली स्क्रीन लगेच मोडली जाते, त्यामुळे विसरणारं अॅप ताबडतोब पकडलं जातं. मग खरं बंद झाल्यावर काय होतं ते त्या स्वस्त फोनवर मागे चार जड अॅप उघडून बघा.

चौथी: पैसे भरल्याचं खरं उत्तर फोनकडून येत नाही, गेटवे ते थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. आणि सर्व्हरने नीट पोच दिली नाही तर गेटवे तेच परत कळवतो. म्हणून तपासा: तोच निरोप दोनदा आला तर तिकिटं दोन तर बनत नाहीत? निरोप दहा मिनिटं उशिरा आला तर? आलाच नाही तर सर्व्हर स्वतः जाऊन विचारतो का? पेमेंट "पेंडिंग" राहिलं तर स्क्रीनवर काय दिसतं? पेंडिंगला "फेल" म्हणून दाखवणं हा फार महागात पडणारा बग आहे, कारण माणूस परत पैसे भरतो आणि मागाहून पहिलंही यशस्वी होतं.

याशिवाय बारीकसारीक बरंच आहे, ते भराभर करून टाका: बटण दोनदा पटकन दाबणं, मध्येच बॅक दाबणं, ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश करणं, दोन टॅबमध्ये दोन वेगळे प्रयोग उघडणं, पैसे भरताना फोन येणं, दाबल्याक्षणी एअरप्लेन मोड. तिकिटांची मर्यादा सहा असेल तर शून्य, एक, सहा आणि सात हे चार आकडे बघितले की काम झालं, तीन-चार-पाच बघत बसू नका. चुका कडेला असतात.

मराठी नीट चालतंय का

मराठी अॅप म्हणायचं आणि टेस्ट डेटा सगळा इंग्रजी, असं सर्रास होतं. नाटकाची नावं, कलाकारांची नावं, प्रेक्षकांची नावं सगळं मराठीत टाकून बघा.

शोधापासून सुरुवात करा. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक चिन्हाला नंबर देणारी पद्धत) एकच चिन्ह म्हणून आहे, आणि "अॅ" म्हणजे अ वर चंद्र देऊनही लिहिता येतं, दिसायला जवळपास सारखं पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने वेगळं. एकाने एका पद्धतीने नाव भरलं आणि प्रेक्षकाच्या कीबोर्डने दुसरी पद्धत वापरली तर शोधात "काहीही सापडलं नाही" येतं. तसंच "दुसऱ्या" मधला र, तो दोन पद्धतींनी टाइप होतो, आणि त्यातल्या एका पद्धतीत मध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं. सफाईच्या नावाखाली डेव्हलपरने न दिसणारी चिन्हं काढून टाकली तर त्याचं "दुसर्या" होऊन बसतं. नाटकाच्या नावात हे झालेलं कुठल्या निर्मात्याला आवडेल?

मग लांबीची मर्यादा. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या हिशोबाने ती सात चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्यामुळे नावाला वीसची मर्यादा घातली की इंग्रजी नाव मावतं आणि मराठी नाव मध्येच तुटतं, कधी कधी तर अर्ध्या जोडाक्षरावर. एसएमएसचं गणितही असंच: साध्या इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठी आलं की ७०, आणि त्याहून लांब झाला तर तुकडे पडतात ते ६७-६७ चे. म्हणजे मेसेजचा खर्च वाढतो, आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला साचा) डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांचे एसएमएस नोंदवायच्या व्यवस्थेवर, नोंदवलेलं असतं त्यापेक्षा मजकूर वेगळा झाला तर मेसेज जातच नाही. सगळ्यात लांब नावाचं नाटक, सगळ्यात लांब नावाचं नाट्यगृह आणि सहा खुर्च्या, असा मेसेज खऱ्या नंबरवर मागवून बघा.

तिकिटाची पीडीएफ तर उघडून, झूम करून, शब्दन् शब्द वाचा. स्क्रीनवर छान दिसणारं मराठी पीडीएफमध्ये मोडतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. आणि बटणांची उंची पक्की ठरवलेली असेल तर वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो, ते फोनचे अक्षर मोठे केल्यावर लगेच दिसतं. हे मोठं करून बघणं इथे फार गरजेचं आहे, कारण नाटकाला येणारा प्रेक्षक बराचसा साठीच्या पुढचा असतो आणि त्यांच्या फोनमध्ये अक्षर मोठंच केलेलं असतं. मी तर सांगेन की सगळ्यात मोठं अक्षर लावून आख्खं बुकिंग एकदा शेवटपर्यंत करा, "पैसे भरा" हे बटण स्क्रीनबाहेर ढकललं गेलेलं हमखास सापडतं.

त्याच ओघात प्लॅनचे रंग बघा. मोकळी हिरवी आणि विकलेली लाल एवढाच फरक असेल तर ज्यांना लाल-हिरवा ओळखता येत नाही त्यांना सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात, म्हणून विकलेल्या खुर्चीवर फुली किंवा वेगळा आकार हवा. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयी) चालू करून खुर्चीवर बोट ठेवा, "सी रांग, बारा, मोकळी" असं ऐकू आलं पाहिजे, नुसतं "बटण, बटण, बटण" नाही. खुर्च्या बोटाला सापडण्याइतक्या मोठ्या हव्यात, अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे आणि अॅपलची ४४ पॉइंटची (ही स्क्रीनवरची मापं). हजारभर खुर्च्यांच्या प्लॅनमध्ये हे एका स्क्रीनवर शक्य नाही, मग झूम नीट चालतो का ते बघायचं. बालगंधर्वचा प्लॅन वेगळा, गडकरी रंगायतनचा वेगळा, यशवंतरावचा आणखी वेगळा, त्यामुळे एका नाट्यगृहावर बघून सोडू नका. प्रत्येकाचा प्लॅन तिथल्या बुकिंग खिडकीवरच्या छापील प्लॅनशी ताडून घ्या, कोपऱ्यातल्या आणि बाल्कनीतल्या खुर्च्यांचे नंबर खास करून.

तारीख, वेळ आणि परदेशातला मुलगा

सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच ही वेळ धोक्याची. रविवारी रात्री एक वाजता, म्हणजे शनिवार संपून तासभर झाल्यावर, कुणी "आजचे प्रयोग" उघडलं तर सर्व्हरच्या मते अजून शनिवारच्या संध्याकाळचे साडेसात वाजलेत आणि तो शनिवारचे प्रयोग दाखवतो. टेस्टिंग दिवसा दहा ते सहा होतं म्हणून हा बग कुणाला दिसत नाही. रात्री जागायला नको, स्टेजिंग सर्व्हरची वेळ पुढे-मागे करून द्यायला सांगा. महिनाअखेर आणि ३१ डिसेंबरही त्यातच बघून घ्या.

याचंच दुसरं टोक म्हणजे न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या आईबाबांसाठी तिकिटं काढणारा मुलगा. असे लोक भरपूर आहेत. फोनचा टाइमझोन न्यूयॉर्कचा करा आणि बघा, प्रयोगाची वेळ पुण्याचीच दिसली पाहिजे, साडेबाराचा प्रयोग रात्री दोनचा दिसता कामा नये. त्याचा नंबर +१ ने सुरू होतो, ओटीपी तिथे पोचतो का? पिनकोडच्या जागी तिथला पाच आकडी कोड चालतो का, की फॉर्म अडून बसतो? परदेशी कार्ड चालतं का, आणि चालत नसेल तर हे खुर्च्या निवडायच्या आधी सांगितलंय का? आणि तिकीट आईच्या फोनवर व्हॉट्सअॅपने पाठवलं तर तिला लॉगिन न करता उघडता येतं का?

नेटवर्क, वेग आणि गर्दी

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधलीच तपासणीची साधनं) नेटवर्क मुद्दाम हळू करता येतं, ते करून वेबसाइट बघा. मोजायचं असेल तर गुगलचे तीन आकडे धरा: पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, आणि पान हलण्याचा स्कोअर ०.१ च्या आत. हा तिसरा आपल्यासाठी फार महत्त्वाचा, कारण वरची जाहिरात उशिरा लोड झाली की आख्खा प्लॅन खाली सरकतो आणि बोट भलत्याच खुर्चीवर पडतं.

बऱ्याच नाट्यगृहांत आत गेलं की रेंज जाते. म्हणून तिकीट एकदा उघडा, एअरप्लेन मोड लावा, अॅप बंद करून पुन्हा उघडा, क्यूआर दिसला पाहिजे. स्क्रीनचा ब्राइटनेस एकदम कमी ठेवून आणि काचेला तडा गेलेल्या फोनवर तो स्कॅन होतो का ते पण बघा. तेच तिकीट दुसऱ्यांदा स्कॅन केलं तर दारावरच्या माणसाला काय दिसतं, आणि स्कॅन करणाऱ्या फोनचीच रेंज गेली तर काय, हे दारावर उभं राहणाऱ्या माणसाला सोबत घेऊन करा. तो जे प्रश्न विचारेल ते तुम्हाला ऑफिसात बसून सुचणार नाहीत.

गर्दीचं टेस्टिंग वेगळं. गाजणाऱ्या नाटकाची विक्री ठरलेल्या वेळी सुरू होते आणि त्या मिनिटाला सगळे एकदम येतात. जेमीटर किंवा केसिक्स ही खोटी गर्दी करणारी साधनं वापरून तशी गर्दी स्टेजिंगवर करा, पण पेमेंट गेटवेवर कधीही लोड टाकू नका, ते दुसऱ्याचं घर आहे, त्याजागी खोटं उत्तर देणारा सर्व्हर ठेवा. अपेक्षेच्या दुप्पट माणसं आली तर साइट हळू झाली तरी चालेल, पण खुर्च्यांचा हिशोब चुकता कामा नये.

सिक्युरिटीबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे आणि त्यातला माणूस वेगळा लागतो. पण दोन गोष्टी कुणालाही करता येतात: तिकिटाच्या लिंकमधला नंबर एकने वाढवून बघा, दुसऱ्याचं तिकीट उघडलं तर मोठा बग आहे. आणि सर्व्हरला जाणारी रिक्वेस्ट चार्ल्ससारख्या प्रॉक्सीतून (फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारं साधन) अडवून किंमत पाचशेची पाच करून पाठवा, सर्व्हरने नाकारली पाहिजे. हे फक्त स्वतःच्या अॅपवर आणि परवानगी घेऊन.

बग कसा लिहायचा

"पेमेंट चालत नाहीये" हा बग नाही, ही तक्रार आहे. डेव्हलपर म्हणणार "माझ्याकडे तर चालतंय" आणि दोन दिवस त्यातच जाणार. हे बघा:

शीर्षक: यूपीआयने पैसे गेल्यावर अॅपमध्ये परत आलं की होम स्क्रीन येते, तिकीट दिसत नाही
कुठे: अँड्रॉइड १२, ३ जीबी रॅम, अॅपचं व्हर्जन २.४.१, मोबाइल डेटा
काय केलं: प्रयोग निवडला, २ खुर्च्या घेतल्या, यूपीआय निवडलं, पिन टाकला, "पेमेंट यशस्वी" दिसल्यावर परत आलो
काय व्हायला हवं होतं: तिकीट दिसायला हवं होतं
काय झालं: होम स्क्रीन आली. "माझी तिकिटं" मध्ये तिकीट ४ मिनिटांनी आलं
किती वेळा: ५ पैकी ४ वेळा. ८ जीबीच्या फोनवर एकदाही नाही
सोबत: स्क्रीन रेकॉर्डिंग, लॉगकॅटचा लॉग (अँड्रॉइड फोनने ठेवलेली नोंद), व्यवहाराचा नंबर

यातली "८ जीबीच्या फोनवर एकदाही नाही" ही ओळ सगळ्यात मोलाची. कुठे होत नाही हे सांगितलं की डेव्हलपरचं निम्मं शोधकाम तुम्हीच केलेलं असतं. बग किती गंभीर आणि तो किती लवकर दुरुस्त करायचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य पानावर नाटकाचं नाव चुकीचं छापलं असेल तर तांत्रिकदृष्ट्या तो किरकोळ बग आहे, पण आजच्या आज बदलायला हवा.

दुरुस्त झाल्यावर फक्त तोच बग बघून बंद करू नका, शेजारपाजारचंही बघा. पेमेंटमध्ये हात घातलाय म्हणजे रीफंड आणि तिकीट रद्द करणं पुन्हा बघायलाच हवं. हे परत परत करायचं काम ऑटोमेशनला, म्हणजे आपोआप टेस्ट करणाऱ्या स्क्रिप्टला, द्यावं, वेबसाइटसाठी प्लेराइट किंवा सेलेनियम, अॅपसाठी अॅपियम. पण सगळं ऑटोमेट करायच्या मागे लागू नका. लॉगिन, शोध, खुर्ची निवडणं, टेस्ट मोडमध्ये पैसे, तिकीट, रद्द, रीफंड, एवढा कणा रोज रात्री आपोआप चालला तर पुष्कळ झालं. ज्या स्क्रीनचं डिझाइन दर आठवड्याला बदलतंय त्यावर स्क्रिप्ट लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

रिलीज करताना

नव्या फोनवर नवं अॅप टाकून तर सगळेच बघतात. जुन्या व्हर्जनवर लॉगिन करून, एक तिकीट काढून ठेवून, त्यावर नवीन अपडेट टाकून बघा. लॉगिन टिकलं का, जुनं तिकीट उघडतं का? अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, ती नाकारून बघा, तिकीट मिळायलाच हवं.

आयफोनसाठी अॅपलच्या टेस्टफ्लाइटवरून बाहेरच्या लोकांना बिल्ड (अॅपची तयार प्रत) देता येतं, ते ९० दिवस चालतं. गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर आधी किमान १२ टेस्टरना सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (फक्त निवडक लोकांसाठीची टेस्ट) ठेवावं लागतं, मगच अॅप सगळ्यांसाठी काढायला अर्ज करता येतो. हे आधीच कॅलेंडरमध्ये धरा, नाहीतर नाटकाची तारीख येते आणि अॅप अडकून पडतं. ते बारा जण ऑफिसातलेच घेऊ नका, नाटकं बघणारे काका-काकू घ्या, एखादा कॉलेजचा मुलगा घ्या, आणि ते वापरत असताना शेजारी गप्प बसून बघा. मदत करायची नाही, कुठे अडतात ते लिहून घ्यायचं.

मग अपडेट थोड्या टक्के लोकांनाच आधी द्या, प्लेवर ती सोय आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी काढू नका, कारण शनिवार-रविवारीच प्रयोग असतात आणि तेव्हाच डेव्हलपर गावाला गेलेले असतात. सोमवार-मंगळवार बरा. पहिल्या आठवड्यात रोज रात्री तीन याद्या समोरासमोर ठेवा: गेटवेने किती पेमेंट यशस्वी झाली म्हणून सांगितलं, तुमच्या सर्व्हरने किती तिकिटं दिली, आणि प्लॅनवर किती खुर्च्या विकलेल्या दिसतात. तिन्हीचा मेळ बसला नाही तर त्याच रात्री कुणाचे पैसे अडकलेत ते शोधून त्या माणसाला फोन करा, त्याने तक्रार करायच्या आधी.